साठपट बघणारा एर्सिलियो

माझा थोरला भाऊ एर्सिलियो वर्षातले दहा महिने कोणाच्याच उपयोगाचा नसतो. उरलेले दोन महिने तो टेकडीवर जाऊन बसतो, आणि तेवढे दोन महिने सगळा किनारा त्याच्याकडे देवाकडे बघावं तसा मान वर करून बघतो. हिवाळ्यात दक्षिणेचा वारा सुटला की बोई मासे गाभोळीनं, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी, टम्म फुगून, झुंडीझुंडीनं उत्तरेला निघतात. होडीत बसलेल्या माणसाला ते दिसत नाहीत, त्याला नुसतं पाणी दिसतं. म्हणून एकानं उंचावर बसायचं, पाण्यावर कुठं झुंडीचा डाग उठतोय ते बघायचं, आणि उठला की अंगातलं जॅकेट काढून हवेत गरागरा फिरवायचं. जॅकेट फिरलं की होडी पाण्यात जाते. मग हा वरून हातवारे करणार, इकडे वळा, तिकडे वळा, आता रापण सोडा, आणि वल्हेकरी बिचारे त्या हातांवर भरवसा ठेवून वल्ही मारत राहणार. रापण म्हणजे दोन्ही टोकांच्या दोऱ्यांनी किनाऱ्यावर ओढून घ्यायचं लांबलचक जाळं.

असं काम करणाऱ्याला आम्ही टेहळ्या म्हणतो. आमचे वडील टेहळे होते, त्यांच्यामागे एर्सिलियो झाला. लहानपणी वडील आम्हा दोघांनाही वर न्यायचे. मला सगळ्या खुणा पाठ झाल्या आणि टेकडी मिळाली एर्सिलियोला, कारण तो मुलगा होता आणि मला स्वयंपाक येत होता. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. मी ती वर्षातून फक्त दोनच महिने बोलून दाखवते.

मी खाली होडीच्या खोपीत चूल सांभाळते. सकाळी कॉफी आणि दुपारी पिरांव, म्हणजे माशाच्या रश्शात कसाव्याचं पीठ घोटून केलेला दाट लगदा. मासा मिळाला नाही तर रस्सा कशाचा करायचा, हा प्रश्न मला दर हिवाळ्यात पडतो. वल्हेकऱ्यांना तो कधी पडलेला नाही, ते ताट पुढं करून मोकळे होतात.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. गेल्या वर्षी एर्सिलियोनं दोनदा झुंड समजून ढगाची सावली पकडली. दोन्ही वेळा जॅकेट फिरलं, होडी गेली, रापण सुटली, सगळं गाव दोरीला लागलं, बायका, म्हातारे, पाद्रीबाबासुद्धा, आणि ओढून ओढून वर आलं काय, तर शेवाळ आणि मूठभर जेलीफिश. बोई मासे दुसऱ्या दिवशी आमच्यासमोरून आरामात निघून गेले आणि पलीकडच्या किनाऱ्यावर सापडले. तिथला टेहळ्या गुमेर्सिंदो मोठा गोड बोलणारा माणूस. त्यानं निरोप पाठवला, "ढग खारवून वाळत घातलेत का? थोडे आम्हालाही पाठवा, आम्ही कधी चाखले नाहीत."

आमचा तांडेल पोन्सियानो काका. होडी त्याची, रापण त्याची, आणि खोपीतला आवाजही त्याचाच. त्यानं सगळ्यांसमोर एर्सिलियोला सांगितलं, "अजून एक ढग आणलास ना, तर टेकडीवर विल्मार बसेल." विल्मार म्हणजे काकाचा जावई. तो अत्यंत शांत स्वभावाचा मुलगा आहे. वल्हं मारतानाही त्याला झोप लागते, आणि सासऱ्याची होडी असल्यामुळे त्याला कोणी उठवत नाही.

त्या दिवसापासून माझ्या भावाचं बिनसलं. त्याच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. गावातल्या चष्मेवाल्यानं तपासून सांगितलं की या वयात एवढी लांबची नजर फार थोड्यांना असते. बिघडला होता तो भरवसा. जे दिसतंय ते खरंच आहे का, हे त्याला कळेना. टेबलावर कॉफी सांडली तर हा आधी वाकून बघायचा, मग बोट लावायचा, वास घ्यायचा, आणि मग आम्हाला सांगायचा, "कॉफी असावी." भिंतीवर ओल आली तर दिवा फिरवून फिरवून बघायचा की ओल आहे की सावली. वहिनी, म्हणजे त्याची बायको ओंदिना, म्हणायची, "मला बघून तरी हा नक्की सांगतो ना, की ही ओंदिनाच आहे?"

अशा माणसाला नळी सापडली नसती तरच नवल. टेकडीच्या मागच्या बाजूला कुरितिबा शहरातून आलेला एक निवृत्त दंतवैद्य राहतो. त्यानं पक्षी बघायला भलीमोठी नळीची दुर्बीण घेतली होती, तीन पायांच्या स्टँडवर ठेवून एका डोळ्यानं बघायची. त्याचे गुडघे गेले आणि पक्षी काही घरी येऊन दिसेनात. एर्सिलियोनं आपल्या छोट्या होडीचं इंजिन त्याला दिलं आणि नळी खांद्यावर टाकून घरी आणली. इंजिन ओंदिनाच्या वडलांनी दिलेलं होतं. ओंदिनानं त्याच्याशी बोलणं टाकलं. नळीच्या नादात ते त्याच्या लक्षातच आलं नाही, तेव्हा चिडून तिला स्वतःलाच बोलायला सुरुवात करावी लागली.

नळीच्या मागच्या टोकाला एक कडं होतं. ते फिरवलं की वीस पटीपासून साठ पटीपर्यंत वाढत जायचं. दंतवैद्य देताना त्याला म्हणाला होता, "एर्सिलियो, वीसवरच ठेव. शोधायचं वीसवर, मग हवं तर वाढव."

"साठ असताना वीसवर कशाला थांबू?"

"अरे, भिंग नवीन काही आणत नाही. नळीतला गोल तेवढाच राहतो. त्यात दाढ मोठी करून बसवलीस की तोंड मावत नाही. मी आयुष्यभर लोकांच्या दाढा बघितल्या, रस्त्यात भेटले तर एकाचाही चेहरा ओळखता येत नाही मला."

एर्सिलियोला हे फार आवडलं. म्हणजे त्यातला दाढ मोठी दिसते एवढा भाग आवडला. त्यानं कडं साठवर नेलं आणि तिथून ते परत हललं नाही.

खोपीत खिळ्याला एक जुनी दोन डोळ्यांची दुर्बीण टांगलेली असते, सात पटीची. पोन्सियानो काका म्हणाला, "ती घे की. चर्चसमोरचं सगळं मैदान मावेल एवढं पाणी दिसतं तिच्यातून."

"सात?" एर्सिलियो म्हणाला. "रागावली की ओंदिनासुद्धा सात पट होते, काका. सातनं काय होतंय?"

पुढचा आठवडाभर टेकडीवर जत्रा भरली. प्रत्येकाला नळीतून बघायचं होतं. क्षितिजावरच्या मालवाहू जहाजाचं नाव वाचून झालं. गुमेर्सिंदो पलीकडच्या टेकडीवर बसून नाकात बोट घालतो हे सगळ्यांनी आळीपाळीनं बघितलं आणि आमच्या किनाऱ्याची मान फार उंच झाली. कोणाच्या दोरीवर कोणाचा शर्ट वाळतोय हेही कळलं, त्यावरून एक लग्न मोडता मोडता राहिलं. माझी पाळी आली तेव्हा मी डोळा लावला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या, मग काळोख, मग एकदम एक पिवळा डोळा माझ्याकडे बघू लागला.

"अगंबाई! हे काय?"

"सीगल आहे तो. बेटाच्या खडकावर बसलाय."

"आणि बेट कुठंय?"

"तिथंच की."

"मला दिसत नाही."

"दिसणार कसं? तू सीगल बघतेयस." त्यानं एवढ्या प्रेमानं समजावलं की मला रडू यायचं बाकी राहिलं. "केसभर डावीकडे सरकव."

मी केसभर सरकवली आणि अख्खं बेट समोरून पळून गेलं. वारा आला तर नळीतलं सगळं जग थरथरू लागलं, कारण थरथरही साठ पट होते, ती काही फुकट मिळत नाही. शिवाय सगळं अंधुक. तेवढाच उजेड एवढ्या मोठ्या चित्रावर पसरायचा म्हटल्यावर तो पातळ होणारच. चार जणांच्या रश्शात पाणी घालून चाळीस जणांना वाढला तर कसा लागेल, हे मला कोणी शिकवायला नको.

"एर्सिलियो, यातून तू समुद्र कसा बघणार?"

"समुद्र कोणाला बघायचाय? मला मासा बघायचाय. कल्ले, शेपूट, सगळं. मासा स्वतः दिसला की मगच जॅकेट. मग कोणी म्हणू दे ढग."

हे बोलताना त्याचा आवाज असा झाला की मला पुढचा टोमणा गिळावा लागला. मला ते फार जड गेलं.

मे महिन्यात, आमच्याकडे हिवाळा सुरू होतो तेव्हा, खोपीसमोर पाद्रीबाबांनी होडीला आणि रापणीला आशीर्वाद दिला, दरवर्षी देतात तसा. या वर्षी एर्सिलियो नळी घेऊन रांगेत उभा. पाद्रीबाबांनी होडीवर पवित्र पाणी शिंपडलं, रापणीवर शिंपडलं, आणि नळीसमोर आल्यावर जरा विचार करून तिच्यावरही शिंपडलं. दोन थेंब बरोबर पुढच्या भिंगावर पडले. एर्सिलियोनं ते पुसले नाहीत. पवित्र पाणी शर्टाच्या टोकानं कसं पुसणार? ते तिथंच वाळलं आणि त्याचे दोन पांढरे ठिपके राहिले.

मग जून उजाडला तरी आमची एकही रापण भरली नाही. त्यात एर्सिलियोचा दोष नव्हता, मासेच येत नव्हते. पण कोणाला तरी बोलावंच लागतं. विल्मार खोपीत बसून कंगव्यानं केस नीट करायचा आणि टेकडीकडे बघायचा, नवरदेव मुलीच्या घराकडे बघतो तसा. पोन्सियानो काका काही बोलत नव्हता, आणि तो गप्प असला की सगळ्यांनाच धडकी भरते. एर्सिलियो तर जेवायलाही खाली यायचा नाही. टेकडी गेली तर हा माणूस दहाऐवजी बारा महिने निरुपयोगी होणार होता, आणि ते त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

एके दिवशी दक्षिणेचा वारा सुटून तीन दिवसांनी थांबला. सकाळी आकाश धुऊन काढल्यासारखं निळं, थंडी कडकडीत, पाणी तेल ओतल्यासारखं शांत. खाली सगळे तयार होते. मी कॉफीची किटली घेऊन टेकडीवर गेले, कारण याला उपाशी ठेवून मारल्याचा आळ मला घ्यायचा नव्हता.

वर पोचले तर काय, माझा भाऊ दगडावर बसलाय आणि डोक्यावरून जॅकेट पांघरून नळीत शिरलाय. बाजूचा उजेड डोळ्याला लागू नये म्हणून. जे जॅकेट हवेत फिरवायचं, ते त्यानं तंबूसारखं अंगावर घेतलं होतं. त्याचं फक्त ढुंगण बाहेर दिसत होतं.

"कॉफी," मी म्हटलं.

"ठेव," आतून आवाज आला.

मी किटली ठेवली, कंबर सरळ केली आणि सहज समुद्राकडे बघितलं. खडकाच्या पलीकडे, अगदी आमच्या नाकासमोर, पाण्यावर डाग होता. गडद लाल, सांडलेल्या द्राक्षाच्या दारूसारखा, आणि चांगला ऐसपैस. त्याची एक कड हळूहळू पुढं सरकत होती. वडिलांबरोबर मी असा डाग लहानपणी एकदाच बघितला होता.

"एर्सिलियो. खडकाच्या उजवीकडे बघ."

"तिकडंच बघतोय."

"मग?"

"नुसतं पाणी आहे."

"अरे, पाणी कसलं? लाल दिसतंय!"

"हो, जरा लालसर आहे. सगळीकडेच लालसर आहे. काच मळलीय. त्या पाद्रीच्या पाण्याचे डाग." आणि जॅकेटमधून एक हात बाहेर आला, शर्टाचं टोक घेऊन, आणि त्यानं भिंग पुसायला सुरुवात केली. इतके दिवस जे पवित्र होतं, ते नेमकं आज पुसलं गेलं. "अजून लालच आहे. आतल्या काचेवर असेल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माशांकडे बघत नव्हता असं नाही. हा बरोबर माशांच्या मधोमध बघत होता. त्याच्या नळीत माझ्या खोपीएवढा समुद्र मावत होता, आणि झुंड होती त्याच्या कितीतरी पट मोठी. डाग दिसायला डागाची कड दिसावी लागते, शेजारी साधं पाणी दिसावं लागतं. याला शेजार नव्हताच. याच्या गोलात सगळीकडे मासेच मासे, अंधुक आणि थरथरते, म्हणून माझ्या भावाला वाटलं की काच मळलीय.

"डोळा काढ त्या नळीतून! उघड्या डोळ्यांनी बघ!"

"थांब. एक चमकलं काहीतरी. एक मासा असेल. एकावर जॅकेट फिरवू काय?"

"एर्सिलियो, जातायत ते!"

"गेल्या वर्षीही असाच रंग होता, झेना. अगदी असाच." आवाज जॅकेटमधून येत होता, तरी त्यातली भीती मला ऐकू आली. "मला आधी मासा दिसू दे. एक मासा नीट दिसू दे."

"अरे, आकाशात ढगाचा एक तुकडा नाही! सावली कशाची पडेल, माझी?"

त्यानं डोकं वर काढलं नाही. लाल डागाची पुढची कड खडक ओलांडायला लागली होती. आणखी थोडा वेळ, की झुंड गुमेर्सिंदोची. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या किनाऱ्यावर टेहळ्याशिवाय दुसरं कोणी जॅकेट फिरवत नाही. चोरी केली तर लोक चार दिवसांनी विसरतात, पण हे विसरत नाहीत. टेहळ्या जिवंत असताना त्याचं जॅकेट दुसऱ्यानं फिरवलं, म्हणजे त्या माणसाला सगळ्या गावासमोर टेकडीवरून खाली ढकलल्यासारखंच. आणि तो माझा भाऊ होता. एरवी मी त्याला दिवसातून दहा वेळा ढकलायला तयार असते, पण खरोखर ढकलायची वेळ आली तेव्हा मी एकदा खाली गावाकडे आणि एकदा त्याच्याकडे बघितलं.

मग मी त्याच्या डोक्यावरचं जॅकेट खस्सकन ओढलं आणि फिरवलं.

खाली आरडाओरडा झाला. माणसं खोपीतून धावत सुटली, ओंडक्यांवरून होडी घरंगळत गेली, पाण्यात शिरली. त्यांना एवढ्या लांबून काय दिसणार? टेकडी दिसली आणि टेकडीवर फिरणारं जॅकेट दिसलं.

एर्सिलियो उजेडात डोळे मिचकावत बसला होता, अंगावरचं पांघरूण ओढलेल्या पोरासारखा. तो माझ्यावर ओरडणार होता, तोंड उघडलंही होतं. मग त्याची नजर पाण्याकडे गेली. उघड्या डोळ्यांनी, एक पटीनं. तोंड तसंच उघडं राहिलं.

"अगं आई गं," तो म्हणाला.

पुढच्या क्षणी त्यानं जॅकेट माझ्या हातातून हिसकावलं. "असं नाही फिरवायचं, त्यांना वाटेल झुंड लांब आहे!" आणि मग मी जे बघितलं, ते मला टोमणे न मारता सांगायचंय. माझा भाऊ दगडावर चढला आणि त्याचे हात बोलायला लागले. होडीला त्यानं आधी लांब नेलं, झुंडीच्या पुढं, मग थोपवलं, मासे बिचकू नयेत म्हणून जवळजवळ थांबवलंच, मग वळवलं. डाग वळला तसा तो वळला. एकदाही तो अडखळला नाही. रापण सुटली ती अर्ध्या चंद्रासारखी, आणि लाल डाग तिच्या पोटात अलगद येऊन बसला. वडील असते तर त्यांनीही टोपी काढली असती.

रापण किनाऱ्याला लागली तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. किती मासे मिळाले ते विचारू नका, मोजणाऱ्या तिघांनी तीन आकडे सांगितले आणि तिघंही भांडले. ओंदिना गुडघाभर पाण्यात उभी राहून रडत होती. दोन्ही दोऱ्यांना सगळं गाव लागलं होतं. दंतवैद्यसुद्धा काठी टेकत आला आणि दोरीला एक बोट लावून उभा राहिला, कारण दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला एक मासा मिळतो.

मग वाटे. आमच्याकडे होडीला वाटा असतो, रापणीला वाटा असतो, मग टेहळ्या, मग वल्हेकरी, मग बाकीचे. पोन्सियानो काका ढिगाऱ्यासमोर उभा राहिला, काशासाचा, म्हणजे उसाच्या दारूचा, घोट घेतला आणि त्याचा आवाज परत आला.

"एर्सिलियो! मी या नळीला हसलो होतो. माझी चूक झाली." असं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असावा, कारण त्याच्या बायकोनं वळून बघितलं. "आजपासून होडीला एक वाटा, रापणीला एक वाटा आणि नळीला एक वाटा!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. कोणी तरी नळी वरून आणली होती. विल्मारनं ती वाळूत उभी केली आणि तिच्या टोकाला आपली टोपी घातली. एका लोखंडी नळीला गाभोळीचे मासे मिळत होते, आणि ज्या बाईनं जॅकेट ओढलं तिच्या हातात दोरीचा एक मासा होता, तोही जरा बारकाच. मी एर्सिलियोकडे बघितलं. मी त्याला चाळीस वर्षांहून जास्त ओळखते. तो गप्प बसणार याची मला खात्री होती, आणि त्याला द्यायच्या शिव्या मी मनात एका ओळीत लावून ठेवल्या होत्या.

"काका," तो म्हणाला, "नळीला वाटा नको."

"अरे घे! लाजतोस काय?"

"नळीत मासे दिसलेच नाहीत. मी झुंडीच्या मधोमध बघत होतो. सगळे मासेच होते, म्हणून मला पाणी वाटलं."

लोक हसले. त्यांना वाटलं, आनंदानं चेष्टा करतोय.

"जॅकेट मी फिरवलं नाही," एर्सिलियो म्हणाला. "झेनानं फिरवलं."

हसणं थांबलं. पोन्सियानो काकानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आणि तू वर काय करत होतास?"

"काच पुसत होतो."

विल्मार उठला आणि त्यानं पँट वर ओढली. एवढ्या चपळाईनं त्याला काही करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"ढग आणलास तर टेकडी विल्मारची, असं म्हणाला होतात," एर्सिलियो म्हणाला. "मी ढग आणला नाही. मी त्याहून वाईट केलं. समोर आलेले मासे सोडत होतो, कारण मला माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. असा माणूस वर नको. पण विल्मारला देऊ नका, काका. हिला द्या."

"मला?" मी म्हटलं. "आणि चूल कोण बघणार?"

"मी बघतो."

आता मात्र वल्हेकरी एकदम खडबडून उठले. "काका, जाऊ दे ना! राहू दे त्यालाच वर! चुकतो माणूस एखाद्या वेळी!" माझ्या भावावर इतकं प्रेम त्यांनी आजवर कधी दाखवलं नव्हतं.

पोन्सियानो काकानं वाळूत पायानं दोन रेघा मारल्या. शेवटी म्हणाला, "खालून मला बाई दिसली नाही की बाप्या दिसला नाही. जॅकेट दिसलं. ते बरोबर फिरलं होतं." आणि तो मासे मोजायला वळला. विल्मार परत खाली बसला, बहुधा सुटल्यासारखं वाटून.

नळी ओंदिनानं दुसऱ्याच दिवशी दंतवैद्याच्या दारात नेऊन ठेवली आणि ढकलगाडीवर इंजिन घालून आणलं. एर्सिलियो चुलीपाशी बसला. त्याच्या पिरांवाबद्दल मी एवढंच सांगते की वल्हेकरी हल्ली जेवून येतात.

आणि मी टेकडीवर बसले. चार-पाच दिवस काही नाही. मग एका सकाळी, आकाश अर्धं ढगाळ असताना, खडकाच्या बऱ्याच पलीकडे मला डाग दिसला. लाल नव्हता, करडा होता. उत्तरेकडे सरकत होता. बोई मासेही उत्तरेकडे जातात आणि दक्षिणेचा वारा सुटला की ढगही तिकडेच जातात. मी डोळे चोळले. उठले, बसले. डागाची कड कधी नीट दिसायची, कधी विरघळायची. खाली सगळे वर बघत होते. पोन्सियानो काका होडीला टेकून उभा होता. विल्मारनं केसांना पाणी लावलेलं मला एवढ्या उंचावरूनही दिसलं. एर्सिलियो खोपीच्या दारात पळी हातात घेऊन उभा होता, आणि तो एकटाच समुद्राकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

मी जॅकेटची बटणं काढली. हात पुढं उचलेना. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका मला खालून स्वच्छ दिसल्या होत्या, आणि आता माझ्याच डोळ्यांसमोर जे होतं त्याचं नाव मला सांगता येत नव्हतं. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मला फक्त एक मासा हवा होता, त्या करड्यातला एकच, जवळून, कल्ल्यासकट.

मी जॅकेट फिरवलं. होडी पाण्यात गेली. आता वल्हेकरी माझ्या हातांकडे बघत होते, आणि त्या वेळी कोणी ती नळी आणून माझ्या डोळ्याला लावली असती, तर मी कडं फिरवून ती थेट साठवर नेली असती.